टीपकागदाने टिपलेले जनुक

जेलमधून विद्युतप्रवाह सोडला की त्यातले रेणू पळू लागतात आणि आकारमानाप्रमाणे वेगळे होतात. ऑलिव्हर स्मिथिज यांनी १९५५ मध्ये टोरांटोत प्रथिने अशी वेगळी केली ती बटाट्याच्या स्टार्चच्या जेलवर. लहानपणी आई कपड्यांना घालायची ती खळ गार झाली की थिजते, हे त्यांच्या लक्षात राहिले होते.

पण वेगळे करणे एक आणि हवे ते शोधणे दुसरे. विकरांनी कापलेला सस्तन प्राण्याचा डीएनए जेलवर सोडला की लाखो तुकड्यांचा एक सलग पट्टा दिसतो. त्यात हवे ते जनुक कुठे आहे, हे पाहायचे तर जेलचे बारीक काप करून प्रत्येकातला डीएनए वेगळा काढून तपासावा लागे. नायट्रोसेल्युलोजच्या पापुद्र्याला चिकटलेल्या डीएनएमध्ये जुळणारा तुकडा शोधता येतो, हे साठच्या दशकातच कळले होते. जेलवरची मांडणी न विस्कटता त्या पापुद्र्यावर न्यायची कशी, एवढाच प्रश्न उरला होता.

तो सोडवला एडिनबरोच्या एडविन सदर्न यांनी, १९७५ मध्ये. त्यांनी अल्कलीने डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या केल्या. मग मिठाच्या द्रावणात भिजलेल्या कागदावर जेल, त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि सर्वांत वर कोरड्या कागदांची चळत. कागद पाणी वर ओढतो, पाण्याबरोबर डीएनए निघतो आणि वाटेतल्या पापुद्र्यावर अडकतो, जेलमध्ये जिथे होता नेमका त्याच जागी. त्यावर किरणोत्सारी प्रोब, म्हणजे हव्या त्या जनुकाशी जुळणारा तुकडा, सोडायचा. तो आपल्या जोडीदार साखळीलाच चिकटतो. वर एक्स-रे फिल्म ठेवली की काळी पट्टी उमटते.

हे ‘सदर्न ब्लॉट’ झाले. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या अल्वाइन, केम्प आणि स्टार्क यांनी हाच डाव आरएनएवर टाकला. आरएनए तेव्हा नायट्रोसेल्युलोजला धरत नव्हता, म्हणून त्यांनी रासायनिक प्रक्रिया केलेला कागद वापरला. सदर्न हे आडनाव असले, तरी त्याचा अर्थ ‘दक्षिणेचा’, म्हणून या भावंडाला गमतीने ‘नॉर्दर्न’ म्हणजे उत्तरेचा म्हटले गेले. १९७९ मध्ये बाझलच्या टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी प्रथिनांना विजेच्या जोरावर जेलबाहेर काढले आणि प्रोबऐवजी अँटिबॉडी वापरली. सिएटलच्या नील बर्नेट यांनी १९८१ मध्ये अशाच पद्धतीचे बारसे ‘वेस्टर्न’ असे केले.

पुढे या पट्ट्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये पाहिलेला पहिला डीएनए ठसा सदर्न ब्लॉटवरच उमटला होता. तिथून तो न्यायालयात पोचला. एचआयव्हीच्या प्राथमिक चाचणीवर शिक्कामोर्तब करायला वेस्टर्न ब्लॉट अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. अमेरिकेच्या सीडीसीने २०१४ मध्ये त्याऐवजी नव्या चाचण्या सुचवल्या.

पीसीआर आणि नंतर जनुकीय क्रमवाचन आल्यावर सदर्न आणि नॉर्दर्न मागे पडले. पीसीआरने डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. आरएनएचाही आधी डीएनए करून घेता येतो. प्रथिनाची अशी प्रत काढता येत नाही. नमुन्यात जेवढे आहे तेवढ्यातच शोधायचे, म्हणून वेस्टर्न आजही रोजच्या कामात आहे.

टिकून राहिल्यामुळे त्याच्यावरची नजरही कडक झाली. पट्टीचे छायाचित्र कापणे, उलटवणे, दुसऱ्या प्रयोगाखाली पुन्हा चिकटवणे संगणकावर सोपे असते. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंधांतल्या ब्लॉटसह इतर प्रतिमा तपासल्या, ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद चित्रे सापडली. म्हणून आता अनेक नियतकालिके कापून नीटनेटकी केलेली पट्टी एकटी स्वीकारत नाहीत. मूळचा अख्खा ब्लॉटही मागतात.