पोवळ्याघरचा पाहुणा

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला आमच्या पुण्याच्या घरी एक पाहुणा आला. मुलांनी आपली पोस्त माझ्याकडून आगाऊ वसूल केली होती आणि ती फटाक्यांत न उडवता एका माशात घातली होती. तळहाताएवढा, ताटलीसारखा चपटा. पिवळसर अंगावर निळ्या-जांभळ्या बारीक रेघा आणि डोळ्यावरून ओढलेला काळा पट्टा. समुद्रातला फुलपाखरू-मासा तो. खाऱ्या पाण्याची टाकी आमच्याकडे दोन वर्षे नांदत होती. त्यामुळे या विद्येत आपल्याला सगळे कळते, असा माझा समज होता. विकणाऱ्याने सांगितले होते, "काहीही घाला, खातो."

त्याने काहीही खाल्ले नाही. कोलंबीचे तुकडे टाकले की तो जवळ येई, पाही आणि सोवळ्यातल्या आजीबाईंनी परक्याचे ताट नाकारावे तसे तोंड फिरवी. उरलेला दिवस टाकीतल्या बोडक्या दगडांवर चिमुकल्या तोंडाने टोचीत राही. मी पाणी तपासले; ते निर्मळ होते. क्षार बरोबर, उष्णता बरोबर. पाडव्याचा हा पाहुणा देवदिवाळी मात्र पाहू शकला नाही. धाकटीने विचारले, "बाबा, तो आजारी होता का?" मी हो म्हणालो. ते खोटे होते. तो उपाशी मेला होता.

हे खोटे मनाला लागून राहिले. मासा का मेला ते शोधता शोधता मी जवळजवळ अडीचशे वर्षे मागे जाऊन पोचलो.

१७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या शोधासाठी विद्वानांची एक तुकडी पाठवली. तीत पेटर फोर्स्कोल नावाचा, लिनेयसच्या हाताखाली शिकलेला तरुण होता. तांबड्या समुद्रातले मासे पाहून तो हरखून गेला. पण ते घरापर्यंत न्यायचे कसे? त्याने वनस्पती टिपण्याची युक्ती माशांना लावली. मासा उभा चिरायचा, एका कुशीचे कातडे वाळवायचे, दाबायचे आणि पानाफुलांप्रमाणे कागदावर चिकटवायचे. असे मासे कोपनहेगनच्या संग्रहात अजून आहेत. फोर्स्कोल मात्र १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये तापाने गेला. सोबतीही एकामागून एक गळाले. त्याच वर्षी जे दोघे मुंबईला पोचले, त्यांतला डॉक्टर इथेच वारला. उरला एकटा कार्स्टेन नीबूर. आपल्या घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढणारा नीबूर तो हाच. मायदेशी परतल्यावर १७७५ साली त्याने मित्राची टिपणे छापून काढली. एका फुलपाखरू-माशाला फोर्स्कोलने दिलेले 'सारथी' या अर्थाचे लॅटिन नाव त्यात आहे. त्या माशाच्या पाठीवरच्या परातून निघालेला लांब धागा सारथ्याच्या चाबकासारखाच दिसतो.

माझ्या माशाचे बारसे त्यानंतरचे, १७९७ चे. पुढे नायजर नदीच्या शोधात नाव मिळवलेला मंगो पार्क आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर डॉक्टर म्हणून सुमात्राला गेला होता. तिथल्या काही माशांची वर्णने त्याने प्रसिद्ध केली, त्यांत हा तीन पट्ट्यांचा मासा होता. नावगाव झाले, कूळ ठरले. पण कागदावरच्या माशाला भूक लागत नाही. तेव्हा तो जेवतो काय, हे विचारण्याची वेळच आली नाही.

ती वेळ मासा काचेत आल्यावर यायची होती. समुद्र घरात आणण्याचा मान बहुधा अ‍ॅना थिन या बाईंना द्यावा लागेल. १८४६ साली त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली. पाणी शिळे होऊ नये म्हणून घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धापाऊण तास ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. बाईंचे नाव इतिहासात राहिले. पोवळ्यांना श्वास पुरवणारे हात अनामच राहिले. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ घातले, तेव्हा मोलकरणीचे काम थोडे हलके झाले असावे.

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले आणि घरोघर काचेच्या पेट्या आल्या. हौशी मंडळी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. खडकांतली डबकी त्यांनी इतकी ओरबाडली की गॉस यांच्या मुलाने १९०७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. घरातला समुद्र सजत होता, बाहेरचा रिता होत होता.

उष्ण समुद्रातल्या फुलपाखरू-माशाला घरोघर पोचायला मात्र दुसरे महायुद्ध संपावे लागले. विमाने आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, कृत्रिम समुद्राचे मीठ पुड्यांतून मिळू लागले. आपल्याकडे १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आजोबांचे बोट धरून तिथल्या काचांना नाक लावून मी उभा राहिलो आहे. माझ्या हौसेचे मूळ तिथले.

त्या काळी परदेशातले हौशी लोक टाकीत पोवळ्यांचे सांगाडे मांडीत आणि ते हिरवे पडले की औषधाने धुऊन शुभ्र करीत. दिसायला मोठी शोभा! पण पोवळ्याच्या या पांढऱ्या हाडांमध्ये फुलपाखरू-मासा सोडणे म्हणजे भुकेल्याला रिकाम्या चांदीच्या ताटावर बसवणे. शिवाय त्या धुण्यात आणखी एक घात होता. माशाच्या अंगातून निघणारा अमोनिया विषारी असतो आणि त्याचे विष उतरवणारे सूक्ष्म जीव दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात. असे जीव विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली वेगळे करून दाखवले होते. टाकी जितकी घासावी, तितके हे अदृश्य सेवक मरत.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली रीत एका मासिकात मांडली. जिवंत दगड समुद्रातल्यासारखेच टाकीत ठेवा, जिवंत पोवळी ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा आणि फार हात लावू नका. कागद, मग पाणी, मग दगड; माणूस टप्प्याटप्प्याने समुद्राचा अधिकाधिक भाग घरात घेत गेला, कारण त्याहून कमी समुद्रात मासा जगेना.

माझ्या प्रश्नाचे उत्तर इथेच होते. फुलपाखरू-माशांच्या सुमारे सव्वाशे जाती आहेत. फोर्स्कोलच्या सारथ्यासारखे काही किडे, शेवाळ, मिळेल ते खातात आणि टाकीत रुळतात. पार्कचा मासा मात्र जवळजवळ सर्वस्वी जिवंत पोवळ्यांचे कोवळे जीव टिपून जगतो. माझ्या दगडांवर तो दिवसभर जे शोधीत होता, ते तिथे नव्हतेच.

१९९८ साली हिंदी महासागराचे पाणी तापले. लक्षद्वीपपासून सेशेल्सपर्यंत पोवळी पांढरी पडली आणि पुष्कळशी मेली. त्यामागोमाग पोवळ्यांवर जगणारे फुलपाखरू-मासेही ठिकठिकाणी विरळ झाले. आमच्या टाकीत एका महिन्यात जे घडले, ते समुद्रात मैलोगणती घडले होते. आपल्या देशात २००१ पासून पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातले पोवळे घरी आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

टाकी अजून आहे. तीत माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेले दोन नारिंगी विदूषक-मासे आहेत. ते कोलंबी आवडीने खातात. गेल्या दिवाळीला धाकटी सासरहून आली, तेव्हा फराळ करता करता मी तिला खरे काय ते सांगून टाकले. तिने चकली खाली ठेवली.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "त्याचं पोट आत गेलं होतं."