कारखान्यात 'एमसीसी' वाढवताय? रिकाम्या फीडरआधी टीसी बघा

बेळगुंदी / प्रतिनिधी :

बेळगुंदी परिसरातली कितीतरी पोरं उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये कामाला जातात. तिथल्या मोटारी जिथून चालू-बंद होतात, ती पत्र्याच्या कपाटांची रांग म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर. शॉपमध्ये सगळे नुसतं 'एमसीसी' म्हणतात. टीसीकडून आलेली वीज इनकमरमधून बसबारवर येते. पुढे प्रत्येक मोटारीचा वेगळा फीडर; त्यात ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले.

नवीन पॅनेल बसवताना पहिला प्रश्न जागेचा. नियमाप्रमाणे पॅनेलपुढे किमान १ मीटर मोकळी जागा लागते. मागच्या बाजूला उघड्या जोडण्या असतील तर भिंतीपासूनचं अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी तरी हवं, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. एक तर माणूस आत शिरूच नये, आणि शिरला तर अडकू नये. आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. केबलच्या चरात पाणी साचतं, ओल वर चढते. म्हणून पॅनेल उंचवट्यावर बसवावं आणि आत स्पेस हीटर ठेवावा. फाउंड्रीत वाळूची धूळ असते, तिथे केबल एंट्रीची भोकं उघडी सोडून चालत नाही.

खरी गफलत होते ती विस्तारात. धंदा वाढला, दोन मोटारी आल्या, पॅनेलमध्ये फीडर रिकामा दिसला, जोडून टाकला! हेस्कॉमकडून वाढीव लोड मंजूर करून घेणं लागतंच, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण नवा टीसी बसला की शॉर्टसर्किटचा करंटही वाढतो, हे कोणी विचारत नाही.

मी कॉमर्सचा माणूस, पण हा हिशेब मलाही जमला. ५०० केव्हीए टीसीचा ४३३ व्होल्टला पूर्ण लोडचा करंट साधारण ६६७ अँपिअर. टीसीचा इम्पिडन्स ५ टक्के धरला, तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्ट झाल्यास सुमारे १३ हजार अँपिअर वाहतील. त्याजागी तेवढ्याच इम्पिडन्सचा १००० केव्हीए आणला की तोच आकडा २६ हजारांच्या पुढे. जुनं पॅनेल २० हजारांचं असेल, तर बसबारचे आधार आणि ब्रेकर तो मार सोसणार नाहीत. दार उघडून उभा असलेला वायरमन तेव्हा आगीच्या लोळासमोर असतो. म्हणून पॅनेलच्या नेमप्लेटवर 'केए' पुढे लिहिलेला आकडा आधी वाचायचा. कमी पडत असेल तर पॅनेल बदला, नाहीतर नवा लोड वेगळ्या टीसीवर घ्या.

मोटारीचा सुरुवातीचा करंट पूर्ण लोडच्या सहा-सात पट असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरने तो थेट चालू करण्याच्या एक तृतीयांशावर येतो, मात्र सुरुवातीचा जोरही तेवढाच घटतो. कॉम्प्रेसर भरलेला असेल तर उठतच नाही.

जोडणीचं काम पूर्ण शटडाऊन घेऊनच करायचं. इनकमर बंद करून कुलूप, टेस्टरने तिन्ही फेज तपासून अर्थ, मगच बसबारला हात. बोल्ट टॉर्क रेंचनेच कसायचे. सैल लग आधी तापतो, मग जळतो. मेगर लावताना ड्राइव्हच्या वायरी काढून ठेवायच्या. शेवटी सुधारलेला नकाशा पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवायचा. रात्रपाळीचा वायरमन पहिल्यांदा तिथेच बघतो.