ध्वनिमुद्रणातील विलंब : फितीपासून संगणकापर्यंत

ध्वनिमुद्रणातील विलंब संगणकाबरोबर जन्मला, हा समज इतिहासाला धरून नाही. चुंबकीय फितीच्या यंत्रात मुद्रण व श्रवण यांची शीर्षे वेगळी असत. फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर आणि शीर्षांतील अंतर ३.८ सेंटिमीटर धरले, तर उशीर एक दशांश सेकंदाचा होतो. जुना आवाज ऐकत नवा मुद्रित करताना तो ताल बिघडवण्यास पुरेसा होता. ॲम्पेक्सच्या 'सेल-सिंक' पद्धतीने मुद्रणशीर्षातूनच श्रवण साधले. लेस पॉल यांना १९५७ मध्ये मिळालेल्या आठ-ट्रॅक यंत्रात ती होती.

संगणकात या अंतराची जागा बफरने घेतली. सेकंदाला ४४,१०० नमुने असता २५६ नमुन्यांचा बफर ५.८ मिलिसेकंद खातो. बाहेरच्या कॉम्प्रेसरकडे ध्वनी पाठवून परत आणताना हा खर्च दोनदा होतो, रूपांतरकांचा वेगळाच. असा उशिरा परतलेला ध्वनी मूळ ध्वनीत मिसळला की काही कंप्रता क्षीण होतात आणि ड्रमचा ठोका पोकळ वाटतो. स्टाइनबर्गच्या १९९७ च्या 'एएसआयओ'ने उशीर घटवला, मिटवला नाही. पुढे सॉफ्टवेअर एक स्पंद बाहेर धाडून परतीचा काळ मोजू लागले व इतर ट्रॅक तेवढेच थांबवू लागले. ही युक्ती मिश्रणापुरतीच. गाणाऱ्याच्या कानातला उशीर तिने जात नाही, म्हणून त्याला त्याचा आवाज अनेकदा संगणकात शिरण्याआधीच मिक्सरमधून ऐकवला जातो.