ओढ्याच्या भरवशावर

वाहते पाणी स्वतःला शुद्ध करते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. शेतातून वाहून गेलेल्या खताचा विषय निघाला की हाच समज शास्त्राचा आधार घेऊन पुढे येतो: ओढ्यातले जिवाणू नायट्रेट संपवतात, तेव्हा मात्रा थोडी जास्त झाली तरी खाली फार काही पोचत नाही. हे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. ओढ्याच्या तळाशी काळ्या गाळात थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातले नत्र वायुरूपाने हवेत परत जाते. हे विनायट्रीकरण. पाणी उथळ आणि संथ असेल, गाळात कुजका पाला असेल, तर ते जोमाने चालते. उन्हाळ्यात अशा ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे पाणी तपासले, तर नायट्रेट घटलेले दिसू शकते. शिवाय मोठ्या खोऱ्यांचे हिशेब सांगतात की माणसाने जमिनीवर आणलेल्या नत्रापैकी साधारण पाव भागच नदीवाटे समुद्राला मिळतो. बाकीचे वाटेत प्रवाहांनीच संपवले, असे मग सहज म्हटले जाते.

पहिला दोष इथेच आहे. उरलेल्या नत्राचा मोठा भाग ओढ्यात उतरण्याआधीच मातीत, भूजलात आणि पाणथळ जागांत अडतो किंवा तिथूनच हवेत जातो. तो ओढ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरा दोष म्हणजे ‘घटले’ याचा अर्थ ‘संपले’ असा घेणे. संशोधक पॅट्रिक मलहॉलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत जड नत्राची खूण असलेले नायट्रेट सोडून त्याचा माग काढला. नैसर्गिक परिसरातले, शेतीतले आणि शहरातले असे तिन्ही प्रकारचे ओढे त्यांनी घेतले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पाण्यातून उचलल्या गेलेल्या नायट्रेटपैकी विनायट्रीकरणाचा मध्यक वाटा १६ टक्के निघाला. बाकीचे मुख्यतः शेवाळाने आणि सूक्ष्मजीवांनी अंगी लावले होते. ते मेले, कुजले की त्यातले बरेच नत्र पुन्हा पाण्यात येते.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. पाण्यातले नायट्रेट वाढत जाते, तशी ते काढण्याची ओढ्याची कार्यक्षमता घसरते. पानात वाढत गेले म्हणून जेवणाऱ्याची भूक वाढत नाही, तसेच हे. जिवाणू थोडे जास्त काम करतात, पण भार त्याहून वेगाने वाढतो आणि न काढलेला हिस्सा पुढे जातो. म्हणजे ओढ्याच्या मदतीची सर्वांत जास्त गरज असते, तिथेच ती सर्वांत तोकडी पडते.

उरला प्रश्न वेळेचा. अमेरिकेच्या इलिनॉय आणि आयोवा राज्यांतल्या मका-सोयाबीनच्या शेतांखाली सुमारे मीटरभर खोलीवर निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या पुरलेल्या असतात. वसंतातल्या पावसात त्या नळ्या नायट्रेटचे पाणी थेट सरळ खोदलेल्या चरात ओततात. काठच्या ओल्या मातीशी, मुळांशी त्या पाण्याची गाठच पडत नाही. इलिनॉयमधल्या शेतीच्या पाणलोटांचा अभ्यास सांगतो की निम्म्याहून जास्त नायट्रेट सर्वांत मोठ्या प्रवाहाच्या दहा टक्के काळात वाहून जाते. त्या वेळी पाणी गार, खोल आणि वेगवान असते. गाळातल्या जिवाणूंच्या वाट्याला ते फारसे येतच नाही. उन्हाळ्यातल्या नमुन्यावरून वर्षाचा निवाडा करणे म्हणूनच चूक आहे. ओढे पुरेसे पडत असते, तर हे पाणी जिला मिळते त्या मिसिसिपी नदीच्या मुखापाशी मेक्सिकोच्या आखातात २०१७ साली सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा अत्यल्प प्राणवायूचा पट्टा पसरला नसता.

याचा अर्थ ओढे निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. त्यांची ताकद खरी आहे. ती टिकवावी लागते. इंडियानात काही चरांच्या दोन्ही अंगांना गवताळ पायऱ्या कोरल्या आहेत. पूर आला की पाणी त्यांवर पसरते, संथ होते, गाळाशी जास्त वेळ राहते. आयोवात निचऱ्याच्या नळ्यांच्या तोंडाशी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेले चर आणि पाणथळी बांधल्या जातात. पण हे सारे उपाय शेतातून येणारा भार आटोक्यात असेल तरच पुरे पडतात. म्हणून पहिले काम शेतातच करायचे आहे: पिकाला हवे तेव्हा, हवे तेवढेच नत्र, आणि मोकळ्या रानात ते धरून ठेवणारे आच्छादन पीक.

महाराष्ट्राला या वादाशी थेट कर्तव्य आहे. खरिपाला युरियाचा हप्ता दिला जातो तो पावसाळ्यातच, म्हणजे आपले ओढे सर्वांत वेगाने धावत असतात तेव्हा. अशा वेळी सबंध मात्रा एकदम टाकण्याऐवजी ती विभागून देणे, जोराचा पाऊस तोंडावर असताना हात आवरणे आणि ओढ्याकाठचे गवत, झाडोरा, वळणे शाबूत ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे. स्वस्त युरियाच्या धोरणात अडकलेल्या शेतकऱ्याला एकट्याला दोषी धरून चालणार नाही. सल्ला, माती परीक्षण आणि किंमत यांची जबाबदारी शासनाची आहे. ओढा आपले काम करतोच. आपल्या वाटणीचे काम त्याच्यावर ढकलणे थांबवले, तरच त्याचे काम कामी येईल.