‘हाओली शिंग’ : एका शोकगीताचा उगम आणि त्याचा सेनानी कवी

हान साम्राज्याच्या अखेरच्या काळातील सेनानी व सत्ताधीश त्साओ त्साओ (इ.स. १५५–२२०) याच्या उपलब्ध काव्यात ‘हाओली शिंग’ ही लहानशी रचना इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटते. तिच्या शीर्षकापासूनच विचार करावा लागतो. हाओली हे ताई पर्वताच्या पायथ्याचे स्थान. मृतात्मे तेथे एकत्र येतात, अशी जुनी लोकसमजूत होती. याच नावाचे गीत अंत्ययात्रेत शवाची गाडी ओढणारे गात असत. त्सुई बाओ याने सुमारे इ.स. ३०० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, त्येन हेंग याने इ.स.पू. २०२ मध्ये आत्महत्या केल्यावर त्याच्या अनुयायांनी हा विलाप रचला. पुढे सम्राट वू याच्या दरबारातील संगीतकार ली यान्नियान याने त्याचे दोन भाग केले : ‘श्येलू’ राजे व सरदारांसाठी, ‘हाओली’ सामान्य अधिकारी व प्रजाजनांसाठी. घटनेनंतर पाच शतकांनी नोंदविलेली ही उगमकथा जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. गीतांची विभागणी मात्र त्साओ त्साओच्या काळी रूढ असावी. कारण त्याने दोन्ही चालींवर पदे रचली आणि ‘श्येलू’त राजवंशाचा व लोयांग राजधानीचा विनाश, तर ‘हाओली’त सैनिक व रयत यांचे मरण वर्णिले. प्रेतयात्रेच्या चालीवर समकालीन राजकारण गाणे, हे त्याचे खरे धाडस होय.

‘हाओली शिंग’मधील प्रसंग इ.स. १९० चा आहे. दरबार ताब्यात घेतलेल्या दोंग झुओविरुद्ध पूर्वेकडील सरदारांनी युआन शाओच्या नेतृत्वाखाली आघाडी उभारली. दोंग झुओने लोयांग जाळून सम्राटास छांगआनला नेले, तरी आघाडीच्या फौजा जागच्या हलेनात. स्वतः त्साओ त्साओ पुढे सरसावला आणि शिंगयांगजवळ पराभूत झाला. कवितेत आधी सरदारांचे हेवेदावे, मग वर्षानुवर्षे अंगावरून न उतरलेल्या चिलखतांत झालेल्या उवा, उघड्यावर पडलेली हाडे आणि कोंबड्याची बांगही ऐकू न येणारा निर्जन मुलूख येतो. मिंग काळातील समीक्षक चुंग शिंग याने तिला काव्यरूप इतिहासाचा मान दिला, तो याच वास्तवतेमुळे.

परंतु इतिहास म्हणून ती वाचावयाची तर तिचा रचनाकाळही पाहावा लागेल. युआन शूने सम्राटपद धारण केल्याचा उल्लेख तीत आहे आणि ती घटना इ.स. १९७ ची आहे. म्हणजे कविता त्यानंतरची. दरम्यान इ.स. १९३ मध्ये त्साओ त्साओचा पिता त्साओ सोंग याची शुझोऊ प्रांतात हत्या झाली. त्या वर्षी व पुढच्या वर्षी त्साओ त्साओने तेथील प्रांताधिकारी ताओ छियान याच्यावर स्वाऱ्या केल्या. ‘सान्गुओझी’ या इतिहासग्रंथात मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात दिली असून प्रेतांनी स्सु नदीचा प्रवाह अडल्याचे म्हटले आहे. पाचव्या शतकातील फान येच्या ‘होऊ हान शू’मध्ये हा आकडा लाखांवर जातो. आकड्यांतील हा फरक उपेक्षणीय नाही, तथापि कत्तलीविषयी दोन्ही ग्रंथांचे एकमत आहे.

लोकप्रिय कादंबरीने त्साओ त्साओला खलपुरुष ठरविले, तर इ.स. १९५९ मध्ये कुओ मोरुओने त्याचा कैवार घेतला. ‘हाओली शिंग’ या दोहोंपैकी कोणत्याच पक्षाला पुरतेपणी सोयीची नाही. तीतील शोक खोटा म्हणता येत नाही. रणांगणातील हाल कवीने स्वतः सोसले होते. मात्र दोष सगळा आघाडीतील इतर सरदारांचा आहे, आणि आघाडीत सामील असलेला कवी स्वतः त्या पंक्तीत कोठेच बसत नाही. शुझोऊचा तर उल्लेखही नाही. फान येने तेथील उजाड प्रदेशाचे वर्णन करताना नोंदविले आहे की, कोंबडी-कुत्रीदेखील उरली नव्हती.