रोखीचा भाव, उधारीचा भाव

आमचे किराणा दुकान अकोल्यात होते. ते बंद पडले तेव्हा घरात एकच निदान झाले: बाबांना धंदा जमला नाही, त्यांचा भाव महाग. मीही ते बरीच वर्षे मानले. पुढे आजोबांच्या आणि बाबांच्या वह्या उलगडून बसलो, तेव्हा ते निदान अपुरे वाटू लागले.

आजोबांच्या रोजमेळात साखरेचा रोखीचा भाव आहे. त्याच दिवशी खतावणीत उधारीवर गेलेल्या साखरेचा भाव त्याहून चढा आहे. व्याजाचा रकाना मात्र कुठेच नाही. व्याज भावातच होते. गिऱ्हाईक बहुतेक कापूसवाले. पावसाळ्यात तेल, मीठ, गूळ न्यायचे आणि म्हणायचे, "शेठ, कापूस इकला की देतो." दसरा-दिवाळीला वेचणी लागली की खाती फिटायची.

हा शेतकरी दोन बाजारांत वावरत होता. तो जिथे कापूस विकायचा, त्या बाजारासाठी वऱ्हाडात 1897 मध्येच कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याची नोंद होते. त्याच्या बाजार समित्यांवर शेतकऱ्याचा प्रतिनिधी नव्हता, हा त्याचा मोठा दोष. तरी देखरेख होती. तोच शेतकरी जिथे मीठ-तेल घ्यायचा, तिथला भाव दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातच ठरे. अमरावती असो की अकोला, रस्त्यावर दहा दुकाने असली तरी उधारीवाल्याला त्या स्पर्धेचा उपयोग नव्हता. ज्याचे खाते एका दुकानात, त्याला दुसरा दुकानदार उधार देणार कशाला?

हे चित्र पाकिटाने बदलले. 1977 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर किंमत छापणे सक्तीचे केले. तरी 'स्थानिक कर वेगळे' ही पळवाट राहिली. 1990 मध्ये ती बंद झाली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आली. गिऱ्हाइकाची फसवणूक कमी झाली, हे खरेच. पण त्याच फटक्यात उधारीचा चढा भाव बेकायदा ठरला. सुट्या डाळीत तो लपून राहू शकला, साबणाच्या वडीत नाही.

2000 नंतर मोठी दालने पसरली. छापील किंमत ही कमाल मर्यादा. दालनाने तिचीच जाहिरात केली. समजा, पाकिटावर 100 रुपये छापले आहेत. छोट्या दुकानदाराला ते 90 ला पडते. घाऊक, रोखीने घेणाऱ्या दालनाला 84 ला पडते आणि ते 88 ला विकते. म्हणजे दुकानदाराच्या खरेदीपेक्षा दालनाची विक्री स्वस्त. म्हणूनच काही किराणावाले पिशवी घेऊन दालनाच्याच रांगेत उभे दिसतात. दालन साखर-तेलासारख्या तोंडपाठ भावाच्या जिनसांवर नफा सोडते आणि इतर मालावर भरून काढते. छोट्या दुकानात इतर माल असतोच किती?

बाबांच्या शेवटच्या खतावणीत पाकिटांच्या नोंदी छापील किमतीच्याच आहेत, उधारीच्या पानांवरसुद्धा. रोखीने घेणारे दालनाकडे गेले होते. उरले ते दिवाळीच्या बोलीवर नेणारे. आजोबा ज्या थांबण्याचे पैसे घेत, ते बाबा फुकट थांबत होते. बाबा महाग नव्हते.

त्या वहीतली सतरा खाती अजून उघडी आहेत.