शब्दकोशातील व्यक्तिमत्त्व

१८८४ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने रॉजेच्या थिसॉरसची पाने चाळून स्वभावदर्शक इंग्रजी शब्द किमान हजार असावेत, असा अंदाज केला. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले. त्यांतील सुमारे साडेचार हजार शब्द त्यांनी स्थिर गुणविशेषांचे वाचक मानले. याच यादीवरून पुढे रेमंड कॅटेलने घटक-विश्लेषण आरंभिले, आणि त्या परंपरेतूनच पाच घटकांची उपपत्ती आकारास आली.

माणसामाणसांतील महत्त्वाचे भेद भाषेत नोंदले जातातच, हे या परंपरेचे गृहीतक होय. परंतु विशेषण हा पाहणाऱ्याचा निवाडा असतो. मग येथे मोजला जातो तो व्यक्तीचा स्वभाव, की स्वभावाविषयी बोलण्याची समाजाची रीत? ऑलपोर्टला ही मर्यादा जाणवत होती. म्हणूनच कोशाबरोबर त्याने एकाच व्यक्तीच्या अभ्यासाचाही आग्रह धरला, आणि १९६५ मध्ये 'जेनी' या टोपणनावाच्या स्त्रीची पत्रे ग्रंथरूपाने विवेचनासह प्रसिद्ध केली. पत्रांत व्यक्ती स्वतः बोलते. कोशात इतरेजन तिच्याविषयी बोलतात. विशेषणांची यादी देऊन पात्रचित्रणाची चर्चा आटोपणाऱ्या समीक्षेने हा भेद दृष्टीआड करू नये.